तिसरं मूळ

लोणावळा
४ ऑगस्ट २०२३

प्रिय अनिता,

तुझ्या फौजी पत्त्यात नुसते आकडे आहेत, गावाचं नाव नाही, तेव्हा हे पत्र कुठल्या डोंगरावर जाऊन पडणार कोण जाणे. ओंकार म्हणाला, तिकडे मोबाइल लागत नाही, ताई रविवारी ठाण्यावरच्या फोनवरून बोलते आणि निम्मं बोलणं तुटतं. म्हणून कागद घेऊन बसले. हॉस्टेल सोडल्यावर पहिल्यांदाच कुणाला पत्र लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

मावशींबद्दल लिहायचंय. घाबरू नकोस, दाताचंच आहे. जुलैत त्या माझ्याकडे आल्या. कुरवंड्याहून जीपनं, एकट्याच, गालाला पदर लावून. मी आधी आत बोलावलं तर उठेनात. म्हणाल्या, "माज्या आदी आल्यात ती मान्सं. त्यांना घे." त्यांचा नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

डावीकडची खालची पहिली मोठी दाढ आहे. जुनी कीड, आतली नस मेलेली, उघडल्यावर पू आला. रूट कॅनल सुरू केलं. पुढचं मूळ, मागचं मूळ, तीन नळ्या, पुस्तकात असतं तसंच सगळं. धुतल्या, औषध ठेवलं. एरवी दोन दिवसांत पेशंट हसत येतो. मावशी येतात आणि म्हणतात, "ठनकतंय गं अजून." दोनदा पुन्हा उघडून साफ केलं. तरी तेच.

आता त्या म्हणतात, काढून टाक. "उपटून टाक पोरी, बाकीचं हायेत की चावायला. खंडाळ्याच्या बंगल्यावर पावनी येत्यात, मला सारखं सारखं सुट्टी घ्यायला जमत न्हाई." खरं सांगू, मलाही काढावीशी वाटते. पण तुझ्या आईची दाढ तुला न विचारता काढायचा धीर होत नाही. कॉलेजात रूट कॅनलमध्ये तू पहिली होतीस आणि मी कशीबशी पास. एक्स-रेची प्रत घातली आहे. बघ आणि लवकर कळव.

नुसरत


५६ एपीओ
२० ऑगस्ट २०२३

नुसरत,

दाढ काढू नकोस.

तुझी फिल्म दिव्यासमोर धरून खूप वेळ पाहिली. मागच्या मुळाची बाहेरची कड नीट बघ. एक रेघ सरळ खाली जाते आणि तिच्या आत अजून एक अंधूक रेघ आहे. मला वाटतं तिथे तिसरं मूळ आहे, जिभेच्या बाजूला, मागच्या मुळाच्या पाठीशी लपलेलं. समोरून फिल्म काढली की एकावर एक पडतात आणि एकच दिसतं. आपल्या लोकांत क्वचित असतं, पण असतं. त्यातली नळी तशीच राहिली असेल तर तू बाकीच्या कितीही धुतल्यास तरी दुखणारच.

आता मी सांगते तसं कर. ट्यूब बाजूला सरकवून तिरकी फिल्म घे, म्हणजे दोन्ही मुळं वेगळी होतील. दाढेचं तोंड तू तिकोनी उघडलं असणार. ते मागे, जिभेच्या बाजूला वाढव, चौकोनी कर. तळ कोरडा करून भिंग लावून बघ. मागच्या नळीपासून जिभेकडे काळसर रेष गेलेली दिसेल, तिच्या मागे मागे जा. भोक सापडलं की सगळ्यात बारीक फाइल घे आणि टोक आधी वाकवून घे. हे मूळ खाली गेल्यावर गालाकडे वळतं. ते वळण फिल्ममध्ये दिसत नाही, बोटालाच कळतं. जोर लावू नकोस. फाइल आत तुटली तर तिथून बाहेर काढणं कठीण. एका बैठकीत झालं नाही तर सोडून दे, पुढच्या वेळी कर.

इथे मी जवानांच्या दाढा वाचवते. थंडीनं फुटलेल्या, सुपारीनं झिजलेल्या, ज्यांच्याकडे दुसरा कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशा. आणि माझ्या आईची उपटून बादलीत टाकायची? जमणार नाही मला.

रविवारी फोनवर आईला विचारलं. म्हणाली, "मी बरी हाय, तू जेवतीस का?" तेवढ्यात लाइन गेली.

अनिता


लोणावळा
१२ सप्टेंबर २०२३

प्रिय अनिता,

आहे. तिसरं मूळ आहे.

तिरकी फिल्म हातात आली आणि मी तशीच उभी राहिले. मागच्या मुळामागून दुसरं मूळ सरळ बाहेर आलेलं दिसतंय. दोन महिने मी त्याच्यासमोर बसून होते आणि मला पत्ता नव्हता.

मावशींना आरशात दाखवून सांगितलं की या दाढेला दोन मुळं असतात, तुमच्या दाढेला मागे तिसरं आहे, त्यातली नस साफ झाली नाही म्हणून ठणकतंय. त्या म्हणाल्या, "म्हंजी मला देवानं जास्तीचं दिलंय."

"जास्तीचं दिलंय मावशी, पण वाकडं दिलंय."

"मंग माज्याच अंगातलं हाय ते."

तू सांगितलंस तसं तोंड चौकोनी केलं. काळी रेष दिसली. तिच्या शेवटाला सुईच्या टोकाएवढा रक्ताचा ठिपका होता, तिथेच भोक. पहिल्या दिवशी फाइल निम्म्यात अडली. पुढच्या आठवड्यात टोक जास्त वाकवलं, बोटात धरून हळूहळू फिरवत राहिले आणि एकदम ती गालाच्या बाजूला वळून खाली सरकली. शेवटापर्यंत. मला वाटलं उठून कुणाला तरी सांगावं, पण दवाखान्यात मी आणि मावशी दोघीच होतो.

एक गंमत. तुझं पत्र मी ट्रेवर ठेवलं होतं, अधूनमधून बघायला. मावशींनी खुणेनं विचारलं, अनीचं हाय का? हो म्हटलं. वाच, अशी खूण केली. मग मी सगळं वाचून दाखवलं, तिरकी फिल्म, काळी रेष, फाइल, सगळं. तोंड उघडं, दाढेवर रबराचा पडदा लावलेला, डोळे माझ्याकडे. पडदा काढल्यावर म्हणाल्या, "माज्या एका दाताचं एवढं लिवलंय? फोनवर तर नुसतं तब्येत बरी का म्हंती." तेव्हापासून आल्या की आधी विचारतात, नवं पत्र आलं का. आणि पत्र नसलं तर जुनंच पुन्हा वाचायला लावतात.

ठणका पुष्कळ कमी आहे म्हणाल्या. थोड्या वाळल्यासारख्या वाटल्या. विचारलं तर म्हणाल्या, "लावनी झाली, खुरपनी झाली, बसायला कुटं गावतंय?" मऊ भात आणि दूध घ्या असं बजावलंय. फिल्म पाठवतेय.

नुसरत


५६ एपीओ
३ ऑक्टोबर २०२३

नुसरत,

तुझी फिल्म मी खोलीच्या खिडकीला चिकटवली आहे. सकाळी ऊन आलं की आईची दाढ उजळते. इथल्या नर्सिंग असिस्टंटला दाखवली, मेजरसाहेबांना दाखवली. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी चांगलं म्हटलं. अशी मुळं मी आजवर बोटांवर मोजण्याइतकी पाहिलीत, आणि सगळ्यात सुंदर माझ्या आईच्या तोंडात निघालं. मला किती आनंद झालाय तुला सांगता येत नाही.

घाईनं भरू नकोस. औषध ठेवून दोन-तीन आठवडे जाऊ दे, पूर्ण कोरडं झालं की भर. वळणाच्या पुढे टोकापर्यंत भरलं गेलंय का ते तिरक्या फिल्मवरच तपास. पुढच्या वर्षी पुण्याच्या परिषदेत आपण हे मांडू, दोघींच्या नावानं. आईला सांग, तिचा दात पडद्यावर भिंतीएवढा दिसणार आहे.

रविवारी लाइन चांगली होती. मी विचारलं, दुखतं का. म्हणाली, "समदं गेलं. नुसरतच्या हाताला गुण हाय." तुला सांगायला सांगितलंय.

दिवाळीला येणार होते, ते आता नाही. इथल्या दुसऱ्या डॉक्टरची बायको बाळंत व्हायची आहे. त्याला मी माझी रजा दिली. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं केलंस. नोव्हेंबरात रस्ता बंद होतो. मग टपाल हेलिकॉप्टरनं, तेही हवा असली तर. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

अनिता


लोणावळा
८ नोव्हेंबर २०२३

प्रिय अनिता,

दाढ भरली. चारही नळ्या, टोकापर्यंत. वळणाच्या पुढेही पांढरी रेघ अगदी बारीक गेलेली दिसते. वरून कॅपही बसवली. मावशींना मी म्हटलं, आता ही दाढ तुम्हाला जन्मभर पुरेल.

पण एक झालंय, आणि ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. भरल्यानंतर आठवड्यानं त्या आल्या आणि म्हणाल्या, "तुजं इंजेक्शन अजून उतरलं न्हाई बघ. च्या पिताना ओघळतो, मला कळत न्हाई." मी कापूस फिरवून पाहिला. खालचा ओठ डावीकडे निम्मा आणि खाली हनुवटीपर्यंत बधीर आहे. टोचलं तरी कळत नाही. भरली त्या दिवशी मात्र घरी जाण्याआधी ओठाची बधिरता उतरली होती, मी स्वतः पाहिलं होतं. दुखतंय का विचारलं तर, "न्हाई न्हाई, बरं हाय."

अनिता, मला वाटतं माझी सुई नसेला लागली. किंवा धुण्याचं औषध मुळाबाहेर गेलं असेल. फिल्म पुन्हा पुन्हा पाहते, बाहेर काहीच गेलेलं नाही. तरी दुसरं काय असणार? शक्तीची इंजेक्शनं सुरू केलीत. बहुतेक वेळा अशी नस दोन-तीन महिन्यांत परत येते, असं मी त्यांना सांगितलं, आणि स्वतःलाही सांगते. तुझी आई माझ्या हातात दिलीस आणि मी तिचा ओठ बधीर केला, हे डोक्यातून जात नाही. मावशी मलाच समजावतात. "ओटाचं काय एवढं, मी काय आता शिट्टी वाजवनार हाय का?"

उठताना कंबर धरून उठल्या. कापणी चालू आहे म्हणाल्या.

काय करू ते कळव.

नुसरत


५६ एपीओ
१८ डिसेंबर २०२३

नुसरत,

हवा महिनाभर बंद होती. आज टपालाची पोती उतरली आणि तुझं पत्र हातात पडलं. वाचलं आणि फोनच्या खोलीत धावत गेले. रांगेतल्या पोरांनी माझं तोंड पाहून वाट दिली. तुला वाटलं असेल मी वेडी झाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, आईची छाती बघ, आजच बघ, एवढंच ओरडून लाइन गेली. म्हणून आता नीट लिहिते, हे पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असलं तरी.

तुझ्या सुईनं हे झालेलं नाही. सुईनं झालं असतं तर त्याच दिवसापासून झालं असतं. तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्या दिवशी ओठाची बधिरता उतरल्याचं तू लिहिलंयस, हा बधिरपणा नंतर आला. ओठाकडे जाणारी नस जबड्याच्या हाडातून जाते. आत काहीतरी वाढून तिला दाबत असेल तर ओठ बधीर होतो, आणि त्याआधी कित्येक महिने जबडा दाढेसारखा ठणकतो. पुस्तकात एक परिच्छेद आहे यावर. परीक्षेला आला नाही म्हणून आपण दोघींनी सोडला होता. बायकांत ते बहुतेक स्तनातून आलेलं असतं.

आई वाळलीय असं तू सप्टेंबरात लिहिलंस. कंबर धरून उठते असं आता लिहिलंस. मी ते वाचलं होतं, नुसरत, आणि वाचून पुढे गेले.

माझं चुकत असू दे. ती तुला दाखवेल. मला दाखवली नसती. रजेचा अर्ज दिला आहे, पहिल्या हेलिकॉप्टरनं निघते.

अनिता


लोणावळा
२३ डिसेंबर २०२३

अनिता,

तू कदाचित वाटेत असशील आणि हे पत्र तुझ्या रिकाम्या खोलीत जाऊन पडेल. तरी लिहिते. तू येशील तेव्हा घरात माणसं असतील, मला एवढं सगळं तोंडानं सांगता येणार नाही.

तुझा फोन आला तेव्हा खुर्चीत पेशंट होता. त्याला तात्पुरतं भरून घरी पाठवलं आणि स्कूटरवरून कुरवंड्याला गेले. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "पत्र आलं व्हय?" मी म्हटलं, पत्र नाही, अनिताचा फोन होता, ती म्हणतेय तुम्हाला तपासायचंय. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लांबनं तिला दिसलं का?"

आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. स्वतःच पदर काढला. डाव्या बाजूला, काखेजवळ. गाठ हाताला दगडासारखी लागली, कातडी आत ओढलेली. शिमग्याच्या सुमाराला कळली म्हणाल्या. "दुकत नव्हती. न दुकनारं कुनाला दाखवायचं? दात दुकला तर दाताच्या डाक्टरकडं आले की मी."

ओंकारनं दुसऱ्या दिवशी गाडीवरची ट्रिप सोडली आणि आम्ही पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो. दोन दिवस तपासण्या चालल्या. कंबरेच्या मणक्यात आहे, बरगड्यांत आहे, यकृतात आहे. आणि जबड्यात आहे, डावीकडे, दाढेच्या मुळांच्याही खाली. डॉक्टरांनी तो भाग मला वेगळा दाखवला, मी दाताची आहे म्हणून. मी विचारलं, ऑगस्टमध्ये कळलं असतं तर? ते म्हणाले, तेव्हाही पसरलेलंच असणार, थोडे महिने मिळाले असते. किती थोडे ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

परत येताना खंडाळ्याच्या बंगल्याचा फोन आला, नाताळला पाहुणे येणार आहेत म्हणून. मावशींनी ओंकारच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "ताई, औंदा दुसरी बाई बगा." एवढंच. मग खिडकीकडे तोंड करून बसल्या.

लवकर ये.

नुसरत


लोणावळा
१४ मे २०२४

अनिता,

दोन महिने वाट पाहिली. ओंकारकडून कळतं की तू ठाण्यावर परत पोचलीस, रविवारी त्याला फोनही करतेस. मला एक ओळ नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत मी येत होते तेव्हाही तू दारातच भेटायचीस. आत जा, ती जागी आहे, असं सांगून स्वतः परसात निघून जायचीस. मला वाटलं, आईची शुश्रूषा करून दमली आहे, बोलेल नंतर. मावशी गेल्या त्या दिवशी मी आले. घाटावर बायका थांबल्या तिथे तुझ्या शेजारी उभी राहिले, तू वळून पाहिलं नाहीस. तेराव्याला जेवायला वाढलंस तेव्हाही नाही. आणि एक दिवस ओंकार म्हणाला, ताई काल गेली.

मी काय समजू? तू मला दोष देतेस, असंच ना? दे. माझ्या खुर्चीत त्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत येत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेल्या आणि मी त्यांच्या दाढेत वाकून बघत होते. मी रोज रात्री हेच स्वतःला म्हणते, तर तू म्हटल्यानं काय होणार आहे? पण म्हण तरी. ही गप्प राहण्याची शिक्षा मला सोसवत नाही. माझं दुसरं कोण आहे, जिच्याजवळ मी मावशींबद्दल बोलू?

नुसरत


५६ एपीओ
१० जून २०२४

नुसरत,

तुला दोष दिला नाही. एक दिवससुद्धा नाही.

तुझ्यासमोर उभं राहवत नव्हतं, हे खरं. तू दारात आलीस की मला माझंच पत्र आठवायचं. दाढ काढू नकोस. तू काढायला निघाली होतीस, आई स्वतः काढ म्हणत होती. काढली असतीस तर ठणका तसाच राहिला असता, आणि तू ऑगस्टमध्येच म्हणाली असतीस की आता दाढ नाही तरी दुखतंय, म्हणजे दुसरं काहीतरी आहे. मी तुम्हाला दोघींना चार महिने त्या दाढेत अडकवून ठेवलं. आणि मला आनंद झाला होता गं. ती फिल्म खिडकीला लावून मी रोज बघत होते. आईच्या जबड्याची फिल्म. मी फक्त मूळ बघत होते.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगते. फेब्रुवारीत एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. मी तिचं तोंड पुसत होते. विचारलं, "आई, तू दुखायचं थांबलं म्हणालीस. खरंच थांबलं होतं का?"

म्हणाली, "न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"आदी थोडं कमी झालं व्हतं. मंग तसंच. पन तुमी दोगी लय खूश व्हता. ती पोरगी माजी दाढ भरून हसत व्हती, तू तितनं कागद भरभरून लिवत व्हतीस. म्हटलं, आता कशाला सांगायचं? पोरींनी एवढं केलं."

मी तिच्यावर चिडले, नुसरत. अंथरुणातल्या बाईवर चिडले. आम्ही खूश राहावं म्हणून तू दुखणं गिळलंस का, असं मोठ्यानं म्हटलं. ओंकार धावत आत आला. ती मात्र शांत होती. बोटानं दाढेवर टकटक केलं आणि म्हणाली, "ह्यो न्हाई दुकत बघ. ह्यो चांगला झालाय. ह्याच्या खालचं दुकतंय."

मी तपासला. तिचं खरं होतं. शेवटच्या फिल्ममध्ये त्या तिन्ही मुळांच्या टोकाशी हाड भरून आलं होतं. बोटभर खाली जबडा पोखरलेला, आणि तुझी दाढ ठणठणीत. हे तुला कसं सांगायचं ते मला कळेना. म्हणून न भेटता गेले.

परवा एक जवान आला. खालची दाढ. मी आधी त्याचा ओठ चाचपला, वजन विचारलं, इतके प्रश्न विचारले की तो घाबरला. साधी कीड होती. भरली आणि बाहेर जाऊन बसले.

मला माफ कर, गप्प राहिल्याबद्दल. बाकीचं तुझ्या माझ्या हातातलं नव्हतं असं म्हणतात. मला अजून पटत नाही.

अनिता


लोणावळा
१९ जुलै २०२४

प्रिय अनिता,

तुझं पत्र वाचून मी दवाखान्याचं शटर अर्धं ओढलं आणि खूप वेळ बसले. मग मनात आलं ते लिहिते. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मी तेवढी चांगली नाही.

ऑगस्टमध्ये दाढ काढली असती आणि दुखत राहिलं असतं, तर मी काय म्हटलं असतं माहीत आहे? काढलेली जागा भरून आली नाही, म्हणून कळ येते. गोळ्या दिल्या असत्या, लवंगेची पट्टी ठेवली असती, महिना घालवला असता. जबड्याच्या आत बघायचं मला सुचलं नसतं. मला ओळखतेस तू. आणि दाढेत पू होता, तो मी माझ्या हातानं काढला. ते दुखणंही खरं होतं. एकाखाली दुसरं होतं, एवढंच.

मावशी म्हणाल्या ते मला माहीत नव्हतं. त्या माझ्या समोर हसत होत्या तेव्हा दुखत होतं, हे आता मला घेऊन जगायचं आहे. बरं झालं सांगितलंस. एकटीनं ठेवू नकोस यापुढे.

दुसरं सांगायचं ते असं. गेल्या आठवड्यात ओंकारचा फोन आला. लावणीला बायका मिळेनात. दरवर्षी मावशी घरोघर फिरून बायका गोळा करायच्या, यंदा फिरणारं कुणी नाही. त्यानं मला मदत मागितली नव्हती, नुसतं सांगत होता. मी गुरुवारी दवाखाना बंद ठेवला आणि गेले. अम्मी म्हणाली, तुला काय येतं त्यातलं? काही येत नव्हतं.

नागफणीच्या सुळक्यावर ढग उतरलेले, पाऊस बारीक, पिंढरीपर्यंत चिखल. सारिकानं, तुझ्या वहिनीनं, हातात रोपाची मूठ दिली आणि शिकवलं. "खोल खुपसा ताई, न्हाईतर उद्या पान्यावर तरंगल." माझी ओळ नागमोडी गेली. सारिका मागून येऊन सरळ करत होती. लावणीत मावशींची जागा कुठली असायची ते कुणी सांगितलं नाही, पण खाचराच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात उशिरापर्यंत कुणीच गेलं नाही. मग ओंकारच तिथे उतरला आणि त्यानं तो कोपरा लावला. पाठ आमच्याकडे करून.

दुपारी भाकरी खायला बसलो. वराळ्याहून आलेली एक नवी बाई होती. तिनं विचारलं, ह्या कोण? मी खाली बघितलं. अनिता, मला खरंच भीती वाटली. सहा महिने या घरात मला कुणी बरं-वाईट काही बोललं नव्हतं, म्हणून मला माहीतच नव्हतं की मी यांची कोण आहे. ओंकार भाकरी मोडत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "आईची डाक्टरीण हाय." आणि माझ्या हातावर अजून अर्धी भाकरी ठेवली.

मी ती खाल्ली. रडतही होते, पण पावसात कुणाला कळलं नसेल.

आज बोटं इतकी दुखताहेत की फाइल धरता येत नाही. सकाळच्या पेशंटना उद्या या म्हटलं आणि तुला लिहायला बसले. ओंकार तुला बोलावणार नाही. तू नोकरीत आहेस, त्याला ते मागणं वाटतं. म्हणून मी लिहिते. तुझी रजा कुणाला देऊ नकोस. कापणीला ये. मला लावता आलं थोडंफार, कापता येणार नाही.

तुझी वाट बघणारी,
नुसरत